सायकल ट्रॅकवरचा नडणारा खांब काढायला कसा लावायचा

आधी एक हिशोब करून टाकू, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ॲक्टिव्हाची रुंदी ६९७ मिलीमीटर, स्प्लेंडरची ७२०, म्हणजे दोन्ही ७० सेंटीमीटरच्या आसपास. आता स्वतःच्या सायकलचं हँडल मोजा. जुन्या काळ्या सायकलचं ५५-६० भरेल पण हल्लीच्या एमटीबीचं (माउंटन बाईकचं) ७० आणि वर सुद्धा जातं. म्हणजे खांबांमधल्या ज्या फटीतून तुम्ही जाणार त्यातून ॲक्टिव्हावालाही जाणार, आणि ॲक्टिव्हा अडेल इतकी बारीक फट ठेवली तर तुम्हीपण अडणार. त्यामुळे "टूव्हीलर घुसतात म्हणून खांब लावलेत" असं कोणी सांगितलं की हे आकडे समोर ठेवायचे. खांबाने रिक्षा, टेम्पो आणि कार अडतात, बास. स्कूटरवाला हँडल जरा तिरकं करून, पाय टेकवत निघून जातो. अडकतो कोण तर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेला माणूस, मागे लहान मुलाची सीट लावलेली आई आणि तीनचाकी सायकलवरचा दिव्यांग.

आता काम कसं करायचं ते. मी पुण्याच्या हिशोबाने लिहितोय कारण २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केलाय, त्यामुळे तक्रारीत दाखवायला एक कागद तरी आहे. पण नागपूर, नाशिक, पिंपरी कुठेही रीत साधारण हीच.

टेप घेऊन जा, तीन मीटरचा सुताराचा टेप पुरतो. खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजू नका, एका खांबाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे खरी मोकळी जागा कळते. कागदावर "एक मीटर अंतर" लिहिलेलं असतं आणि दोन्ही खांब सहा-सहा इंची जाड असले की हातात ८५ सेंटीमीटर उरतात, हा घोळ खूप ठिकाणी दिसेल. मग खांबाची उंची मोजा. गुडघ्याएवढा ठेंगणा खांब सगळ्यात वाईट, पुढे एखादी सायकल चालली असेल तर तो दिसतच नाही आणि पुढचा ऐनवेळी वळला की तुम्ही थेट त्यावर. साधारण मीटरभर उंच पाहिजे, वर रेडियम पाहिजे. करड्या पेव्हर ब्लॉकवर करडा ग्रॅनाईटचा खांब लावणाऱ्याला रात्री एकदा तिथून सायकल चालवायला लावली पाहिजे असं माझं मत आहे पण ते तक्रारीत लिहू नका.

खांब किती आहेत तेही बघा. एक मधोमध असला तर येणारे एका बाजूने, जाणारे दुसऱ्या बाजूने, ठीक चालतं. दोन असले की मधली फट सगळ्यात सोयीची वाटते आणि दोन्हीकडचे त्यातच घुसायला बघतात, समोरासमोर. म्हणून एक नाहीतर तीन, दोन कधीच नाही. आणि खांब अगदी चौकाच्या तोंडाशी असेल तर वळताना एक डोळा गाड्यांवर आणि एक खांबावर ठेवावा लागतो, तो निदान एक-दोन सायकली मावतील इतका आत पाहिजे.

मग फोटो. पहिला लांबून, सायकलवर बसल्यावर डोळे जिथे असतात त्या उंचीवरून. दुसरा टेपचा, आकडा वाचता येईल असा. तिसरा तुमची सायकल त्या फटीत अडकवून, हा फोटो सगळ्यात जास्त काम करतो. चौथा रात्रीचा, फ्लॅश बंद ठेवून, कारण फ्लॅश मारला की खांब छान दिसतो आणि तुमचा मुद्दा गेला. फोटोत रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर रंगवलेला नंबर येऊ द्या. लोकेशन पाठवलं तरी जागेवर येणारा माणूस "सापडलं नाही" म्हणून परत जाऊ शकतो, दिव्याचा नंबर दिला की ती पळवाट बंद होते.

नुसते खांबच नाही हां. झिगझॅग रेलिंग, ट्रॅकमध्येच उभा केलेला डीपी बॉक्स, "सायकल ट्रॅक" असं लिहिलेल्या बोर्डाचाच पाईप ट्रॅकच्या मधोमध, ट्रॅक संपतो तिथे उतार न देता सोडलेला सहा इंची कर्ब, चेंबरची जाळी ज्याच्या फटी चाकाच्या दिशेने आहेत आणि बारीक टायर सरळ आत जातो, हे सगळं याच पद्धतीने मोजा आणि कळवा. पण प्रत्येकाची तक्रार वेगळी टाका. एका तक्रारीत पाच गोष्टी घातल्या की त्यातली सोपी एक करतात आणि पाचही निकाली काढतात. पार्किंग आणि हातगाड्या हा विषय तर पूर्ण वेगळा, तो वाहतूक शाखेकडे आणि अतिक्रमणवाल्यांकडे, इथे मिसळू नका.

तक्रार करायच्या आधी एक पायरी आहे जी बरेच सायकलवाले गाळतात. खांब आपोआप उगवत नाहीत, कोणीतरी मागितलेले असतात, बहुतेक वेळा शेजारच्या सोसायटीतल्या काका-काकूंनी, कारण सकाळी फिरायला गेलं की मागून बाईकवाला हॉर्न मारत येतो. त्यांचं चुकत नाहीये. त्यांना जाऊन भेटा, वरचा ७० सेंटीमीटरचा हिशोब दाखवा, आणि सांगा की काका, खांब असूनही बाईक येतायत ना, मग याचा उपयोग काय झाला. तुम्ही "खांब काढा" म्हणताय आणि ते "खांब वाढवा" म्हणतायत अशी दोन पत्रं एकाच टेबलावर गेली तर काहीच होणार नाही. दोघांच्या सह्यांचं एक पत्र गेलं तर वजन पडतं. त्यात ट्रॅकवर गाडी घालणाऱ्यांवर कारवाईची मागणीही घाला, कायद्याने मनाई आहेच.

मागायचं नेमकं काय? इंग्लंडच्या २०२० च्या सायकल डिझाईनच्या सरकारी मार्गदर्शिकेत असे अडथळे शक्यतो टाळा आणि लावलेच तर दीड मीटर मोकळं ठेवा असं आहे. ते जसंच्या तसं इथे उचलू नका कारण आपली रिक्षा १.३ मीटर रुंद, दीड मीटरमधून ती आरामात आत येईल. १.२ मीटर मागा. रिक्षा अडते, कार अडते, आणि सायकल, व्हीलचेअर, तीनचाकी निघून जाते. व्हीलचेअरचा उल्लेख नक्की करा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे तो मुद्दा फाईलवर डावलणं अवघड जातं.

तक्रारीचा मजकूर असा ठेवा, जागा आणि आकडे तुमचे टाका:

"अमुक रस्त्यावर, दिव्याचा खांब क्र. अमुक जवळ, सायकल ट्रॅकवर दोन स्टीलचे खांब बसवले आहेत. दोन्हींमधील मोकळे अंतर ६२ सेंमी असून रुंद हँडलची सायकल, व्हीलचेअर व तीनचाकी जाऊ शकत नाही. खांबांना रिफ्लेक्टर नाही. एक खांब बेसप्लेट व बोल्टसह काढून जागा समतल करावी, उरलेल्या खांबाच्या दोन्ही बाजूंस किमान १.२ मीटर मोकळी जागा ठेवावी. काम कोणत्या तारखेपर्यंत होईल ते लेखी कळवावे."

"योग्य ती कारवाई करावी" हे वाक्य चुकूनही लिहू नका. त्याचं उत्तर "संबंधितांना कळविले आहे" असं येतं आणि तक्रार बंद. महापालिकेच्या तक्रारीच्या ॲपवर टाका, आणि तेच पत्र प्रिंट काढून क्षेत्रीय कार्यालयात आवक-जावकला देऊन आपल्या कॉपीवर शिक्का घ्या, सोबत एक प्रत पथ विभागाला. शिक्का महत्त्वाचा. मग चार-आठ दिवसांनी त्या भागाच्या कनिष्ठ अभियंत्याला फोन करून जागेवर बोलवा, शांतपणे, भांडायला नाही. तो स्वतः टेप धरून आकडा वाचतो तेव्हा निम्मं काम झालेलं असतं, बऱ्याचदा त्यालाही तो खांब पटलेला नसतो, वरून सांगितलं म्हणून लावलेला असतो.

काहीच हललं नाही तर माहिती अधिकार. फी १० रुपये, ऑनलाईन पण होतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळे कहाणी नको, फक्त कागद मागा: कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेलं पत्र), ट्रॅकचं मंजूर ड्रॉइंग, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) संबंधित पानं आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदारानेच दुरुस्त करायची मुदत, कधी संपतो. शेवटचं सगळ्यात कामाचं, तो कालावधी चालू असेल आणि ड्रॉइंगमध्ये दाखवलंय एक आणि जागेवर लावलंय दुसरं, तर ठेकेदाराला स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावं लागतं आणि "बजेट नाही" हे कारण उरत नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत टाका.

आणि हो, रागाच्या भरात रात्री ग्राइंडर घेऊन जाऊ नका. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा आहे, खांब कितीही चुकीचा असला तरी गुन्हा तुमच्यावर लागेल.

खांब काढायची तारीख कळली तर त्या दिवशी तिथे उभे रहा. कारण काढणं म्हणजे अनेकदा फक्त पाईप कापणं असतं, खालची लोखंडी प्लेट आणि चार बोल्ट तसेच वर राहतात, दोन-तीन सेंटीमीटर, धारदार, आणि आता वर खांब नसल्यामुळे दिसतही नाहीत. आधी खांब दिसत तरी होता. बोल्ट जमिनीखाली कापून खड्डा भरून लेव्हल केल्याशिवाय कामाला आलेली माणसं जाऊ देऊ नका, आणि जागा बदलून नवीन खांब बसवत असतील तर सिमेंट ओलं असतानाच टेप लावून १२० भरतात का बघा, वाळल्यावर कोणी परत येत नाही.