नवा बॉण्ड कशाशी ताडून पाहायचा?

बॉण्डचा सव्विसावा चित्रपट लागेल त्या दिवशी थिएटरबाहेर दोन वाक्यं हमखास ऐकू येतील. एक, "कॉनरीची सर नाही." दुसरं, "हा बॉण्ड वाटतच नाही." दोन्हींतून चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही, बोलणाऱ्याने मोजपट्टी कुठली घेतली तेवढं कळतं. १९६२चा 'डॉक्टर नो' ते २०२१चा 'नो टाइम टू डाय' असे इऑन या निर्मिती कंपनीचे २५ चित्रपट आणि सहा नट, त्यांतला पहिला शॉन कॉनरी. यातला कुठला चित्रपट मोजपट्टी म्हणून घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. ते चुकलं की पुढचं सगळं मत वाकडं जातं, मग चित्रपट कितीही बारकाईने पाहिलेला असो.

आधीची उजळणी

पंचवीसच्या पंचवीस पुन्हा पाहायला बसू नका. सलग पाहिले की सगळे एकाच साच्यातले वाटू लागतात आणि नव्यात फक्त साम्यच दिसतं. तीन चित्रपट पुरतात, पण ते नेमके निवडायला हवेत.

पहिला, त्याच जागेवरचा. नवा नट येत असेल तर तुलना दुसऱ्या एखाद्या नटाच्या पहिल्या चित्रपटाशी करायची, त्याच्या गाजलेल्या तिसऱ्या-चौथ्याशी नाही. पहिल्या चित्रपटाला नवा माणूस प्रेक्षकांच्या गळी उतरवायचा असतो आणि त्यात वेळ जातो. असे चित्रपट सहा: 'डॉक्टर नो', 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९), 'लिव्ह अँड लेट डाय' (१९७३), 'द लिव्हिंग डेलाइट्स' (१९८७), 'गोल्डनआय' (१९९५) आणि 'कॅसिनो रोयाल' (२००६). सगळे पाहायचे तर सुमारे १३ तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर शेवटचे दोन पाहा. दोन्हींचा दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल. अकरा वर्षांच्या अंतराने त्याच माणसाने दोन वेगळे नट उभे केले आहेत. दिग्दर्शक तोच असल्यामुळे दोन्हींत जे वेगळं दिसतं ते नटाचं आणि काळाचं आहे, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

दुसरा, लगेच मागचा. मालिकेतला चित्रपट बहुतेक वेळा आधीच्याला दिलेलं उत्तर असतो. 'मूनरेकर'मध्ये (१९७९) बॉण्ड थेट अंतराळात गेला. त्याच्या पुढच्याच 'फॉर युअर आइज ओन्ली'त (१९८१) त्याची लोटस गाडी सुरुवातीलाच स्फोटात उडते आणि बॉण्डला एका साध्या, छोट्या सित्रोएनमधून पळ काढावा लागतो. 'मूनरेकर' डोक्यात असल्याशिवाय ही गंमत कळत नाही. २००२च्या 'डाय अनदर डे'त अदृश्य होणारी गाडी होती, तर २००६ला खेळणी पुरवणारा क्यूच गायब. सव्विसाव्याच्या बाबतीत एक भर घाला: फेब्रुवारी २०२५मध्ये मालिकेवरचं सर्जनशील नियंत्रण इऑन चालवणाऱ्या ब्रोकोली-विल्सन घराण्याकडून अमेझॉन एमजीएमकडे गेलं आणि जूनमध्ये दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं. म्हणजे या वेळी उत्तर देणारं घरच वेगळं आहे.

तिसरा, त्याच जातकुळीचा. ज्वालामुखीच्या पोटात खलनायकाचा तळ असा थाट असेल तर 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' (१९६७) काढा. कलादिग्दर्शक केन अॅडमने तो सेट पाइनवूड स्टुडिओत प्रत्यक्ष बांधला होता. कागदपत्रं, रेल्वेचे डबे, संशय अशी हेरगिरी असेल तर 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३). थाटामाटाच्या चित्रपटाला "वास्तववादी नाही" म्हणून नापास करणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून पिठलं-भाकरी नाही म्हणून रुसणं. १९६७चा विडंबनपट 'कॅसिनो रोयाल' आणि १९८३चा 'नेव्हर से नेव्हर अगेन' हे इऑनचे नाहीत, ते हिशेबात धरू नका.

तुम्ही नक्की काय पाहिलं?

हे तपासायचं बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. २०१५मध्ये 'स्पेक्टर'मधल्या चुंबनदृश्यांची लांबी आपल्या सेन्सॉर बोर्डाने कमी करायला लावली होती. त्या जागी दृश्य तुटक वाटलं तर दोष संकलकाच्या माथी मारू नका. 'नो टाइम टू डाय' भारतात ३० सप्टेंबर २०२१ला लागला, पण महाराष्ट्रातली थिएटरं उघडली २२ ऑक्टोबरला. तोवर शेवट फुटलेला होता. शेवट माहीत असताना पाहिलेल्या चित्रपटाबद्दल "धक्का बसला नाही" असं लिहिण्यात अर्थ नाही. तसं असेल तर ते मताशेजारी नोंदवून ठेवा.

आणि मध्यंतर. हे चित्रपट मध्यंतर धरून लिहिलेले नसतात, आपल्याकडे ते कापून घुसवलेलं असतं. पाठलागाच्या तोंडावर दिवे लागले की नंतरची दहा मिनिटं थंड वाटतात. १६३ मिनिटांच्या 'नो टाइम टू डाय'ला हे चांगलंच जाणवतं. मध्यंतर कुठे पडलं ते लक्षात ठेवा आणि "उत्तरार्ध रेंगाळतो" हे मत घरी अखंड पाहिल्यावरच पक्कं करा.

पाहताना

पहिल्यांदा पाहताना वही नको. बाहेर पडल्यावर एक काम करायचं: खलनायकाचा बेत एका वाक्यात सांगायचा. 'गोल्डफिंगर' (१९६४): फोर्ट नॉक्समधलं सोनं किरणोत्सर्गी करून निकामी करायचं, म्हणजे आपल्याजवळच्या सोन्याचा भाव चढेल. चोरी करायचीच नाही, ही त्यातली चलाखी, आणि ती एका वाक्यात मावते. 'ऑक्टोपसी'त (१९८३) दागिन्यांची तस्करी आणि पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकी तळावरचा अणुबॉम्ब यांची सांगड घालताना दोन-तीन "आणि मग" लागतात. वाक्य जमलं नाही म्हणजे चित्रपट वाईटच असं नाही, पण पटकथेत गाठी आहेत एवढं कळतं.

दुसरी कसोटी मारामारीची: पाठलाग संपल्यावर कागदावर त्याचा ढोबळ नकाशा काढता येतो का? कोण कुठून आला, कुठल्या उंचीवर होता, दरवाजा कोणत्या बाजूला होता. 'क्वांटम ऑफ सोलेस'च्या (२००८) सुरुवातीच्या गाड्यांच्या पाठलागाचा नकाशा निघत नाही. तुकडे इतके बारीक आहेत की वेग जाणवतो पण जागा कळत नाही. 'कॅसिनो रोयाल'मधल्या बांधकामाच्या जागेवरच्या पाठलागाचा निघतो.

तो पाठलाग थोडा जवळून पाहा, कारण तिसरी कसोटी त्यातच आहे. पळणारा माणूस, म्हणजे पार्कूरचा (पळत, उड्या मारत अडथळे पार करण्याच्या कसरतीचा) जाणकार सेबास्तियां फूकां, भिंतीच्या वरच्या अंगाला असलेल्या अरुंद फटीतून पाय पुढे करून अलगद पलीकडे निसटतो. मागून आलेला बॉण्ड उडी मारत नाही. तो ती कच्ची भिंतच अंगाने फोडून, पांढरी धूळ उडवत बाहेर येतो. एकही संवाद नाही, पण हा नवा बॉण्ड चपळ नाही, हट्टी आहे आणि मोडतोड करणारा आहे, हे पक्कं समजतं. साहसदृश्य काढून टाकलं तर पात्राबद्दलची काही माहिती हरवते का, हे विचारा. 'डाय अनदर डे'त बॉण्ड संगणकावर बनवलेल्या लाटेवरून पॅराशूट धरून घसरत जातो. ते दृश्य काढलं तर काहीच हरवत नाही, शिवाय त्याच्या अंगाला वजनच नसल्यासारखं दिसतं. याउलट 'द स्पाय हू लव्ह्ड मी'च्या (१९७७) सुरुवातीला रिक सिल्व्हेस्टरने कॅनडातल्या माउंट अॅस्गार्डवरून स्कीवर मारलेली उडी. संगीत थांबतं, माणूस खाली पडत राहतो, आणि बऱ्याच वेळाने ब्रिटनच्या झेंड्याचं पॅराशूट उघडतं. खरा माणूस पडतोय हे पोटाला कळतं.

मानपान

बंदुकीच्या नळीतून दिसणारा बॉण्ड, शीर्षकगीत, मार्टिनी, आडनाव आधी सांगून करून दिलेली ओळख, क्यू, बॉण्डच्या वरिष्ठाची सचिव मनीपेनी. या गोष्टी आल्या की नाहीत याची हजेरी घेऊ नका, त्यांच्याकडून काम काय करून घेतलं ते पाहा. 'कॅसिनो रोयाल'मध्ये ती ओळख अगदी शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवली आहे. तोवर त्याने ती कमावलेली असते. 'स्कायफॉल'मध्ये (२०१२) जुनी अॅस्टन मार्टिन डीबी५ येते तेव्हा टाळ्या पडतात, पण तिचं खरं काम पुढे आहे. खलनायक तिच्या चिंधड्या उडवतो आणि त्या क्षणी बॉण्डचा चेहरा बदलतो. 'डाय अनदर डे'त जुन्या आठवणी ठायी ठायी पेरल्या आहेत, पण त्यातल्या बहुतेक नुसत्या हळदीकुंकवाला येऊन जातात.

मागच्या कथेला लावलेली ठिगळंही अशीच तपासायची. 'स्पेक्टर' सांगतो की डॅनियल क्रेगच्या ('कॅसिनो रोयाल'पासूनचा बॉण्ड) आधीच्या चित्रपटांतल्या सगळ्या खलनायकांमागे मालिकेतला जुना खलनायक ब्लोफेल्डच होता. हे पटतं का ते बघायला 'स्कायफॉल'मधला खलनायक सिल्वाचा प्रवेश पुन्हा लावा. लांबवरून चालत येत तो उंदरांची गोष्ट सांगतो, आणि त्याचा सगळा राग बॉण्डची वरिष्ठ एम हिच्यावर आहे. नवी माहिती डोक्यात ठेवून ऐकलं तर एका तरी वाक्याला नवा अर्थ येतो का? येत नाही, उलट त्याचा वैयक्तिक सूड पातळ होतो. असं झालं तर गुण नव्या चित्रपटाचे कापायचे, जुन्याचे नाही. त्यापेक्षा 'फॉर युअर आइज ओन्ली'चा मार्ग बरा: सुरुवातीला बॉण्ड १९६९मध्ये मारल्या गेलेल्या पत्नीच्या थडग्यापाशी उभा असतो, बस्स. ज्याला माहीत आहे त्याला कळतं, बाकीच्यांचं काही अडत नाही.

गुण देताना

दोन आकडे लिहा: एक, चित्रपट म्हणून दहापैकी, दुसरा, बॉण्ड म्हणून दहापैकी. त्यांची सरासरी काढू नका. 'लायसन्स टू किल'ला (१९८९) पहिला आकडा बरा मिळेल, दुसऱ्यावर वाद होईल. 'मूनरेकर'चं नेमकं उलट. सरासरीत दोघे सारखेच दिसतात आणि सांगण्यासारखं जे होतं तेच पुसलं जातं. गल्ल्याचा आकडा यात आणू नका. 'स्कायफॉल' एक अब्ज डॉलर ओलांडणारा पहिला बॉण्डपट आहे, पण १९६५च्या 'थंडरबॉल'च्या तिकिटाचा दर आणि आजचा दर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तारीख टाकून आकडे ठेवून द्या आणि वर्षभराने पुन्हा पाहून बदला. जॉर्ज लेझनबीचा एकुलता एक चित्रपट 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' बरीच वर्षं मालिकेतला चुकार मानला जायचा. आज जाणकारांच्या याद्यांत तो वर असतो. क्रेगच्या निवडीवर तर चित्रपट यायच्या आधीच, केस सोनेरी म्हणून, काहूर माजलं होतं.

श्रेयनामावली संपल्यावर येणारी "जेम्स बॉण्ड परत येईल" ही पाटी मात्र मोजमापात धरू नका. १९७७ला 'द स्पाय हू लव्ह्ड मी'च्या शेवटी तिने पुढचा चित्रपट म्हणून 'फॉर युअर आइज ओन्ली'चं नाव दिलं होतं. मधे 'स्टार वॉर्स'ची लाट आली आणि पुढचा निघाला 'मूनरेकर'. २०२१ला तर बॉण्ड मेला, तरी पाटी आलीच. सव्विसावा त्या मरणाचं काय करतो, दखल घेतो की सरळ पाटी कोरी करतो, हे पहिल्या दहा मिनिटांत कळेल. तेवढ्या वेळात पॉपकॉर्नला उठू नका.