धावपट्टी नसताना हिमावरून उड्डाण: छोटं विमान कुठे फसतं

थंड हवा दाट असते, त्यामुळे पंख आणि इंजिन दोन्ही जोमाने काम करतात. तरीही गोठलेल्या तळ्यावरून निघालेली, चाकांऐवजी स्की (लांब सपाट घसरपट्ट्या) लावलेली विमानं पलीकडच्या झाडांत घुसतात. भुसभुशीत हिम स्कीला धरून ठेवतं, वेग वाढत नाही आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घ्यायला उशीर होतो.

आधी वाट पायी चाला. वाऱ्याने रचलेले कडक उंचवटे स्की मोडतात. काठीने टोचून पाहा: हिमाखाली पाणी लागलं तर ती जागा सोडा. हिम-पाण्याचा हा चिखल स्कीला चिकटतो आणि विमान थांबलं की तिथेच गोठतो. उभं करताना स्कीखाली फांद्या किंवा फळ्या घालाव्यात. स्की चिकटलीच, तर इंजिन बंद असताना पंख आणि शेपूट हलवून सोडवा. प्रोपेलर फिरत असताना कोणी बाहेर ढकलायला उभं राहू नये.

पंखावरचं गोठलेलं दव पातळ दिसतं म्हणून सोडून देऊ नका. मध्यम खरखरीत सँडपेपरइतका थरही उचल 30 टक्क्यांपर्यंत घटवतो आणि रोध 40 टक्क्यांपर्यंत वाढवतो. शेपटीचे आडवे पंखही हाताने चाचपून पाहा. इंजिनाची ब्रीदर नळीही (आतला दाब बाहेर सोडणारी नळी) तपासा. तिचं तोंड बर्फाने बुजलं तर आत दाब साठतो, पुढचं सील फुटतं आणि तेल बाहेर जातं.

ताज्या हिमात एकाच मागावरून दोन-तीनदा जा-ये करून ते दाबा, मग थोडा वेळ तसंच राहू द्या. दाबलेले कण एकमेकांना धरतात. रात्रभर मिळालं तर उत्तमच.

आता मुख्य गोष्ट. वाटेच्या मध्यावर फांदी रोवा. तिथे पोचेपर्यंत उड्डाणवेगाच्या 70 टक्के वेग हवा. 50 नॉटला (नॉट हे विमानाच्या वेगाचं एकक) उचलणाऱ्या विमानासाठी 35 नॉट. त्वरण सारखं असेल तर अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात लागतं आणि 0.7 चा वर्ग जवळपास निम्मा, हा त्यामागचा हिशोब. पण हिमात त्वरण सारखं नसतं, पुढचा पट्टा आणखी मऊ निघू शकतो. शिवाय स्कीला ब्रेक नसतात आणि गुळगुळीत बर्फावर विमान लांबवर घसरतं. म्हणून फांदी मध्याच्या अलीकडेच रोवा, तिथेही 70 टक्के वेग हवाच. वेग कमी दिसला की थ्रॉटल लगेच बंद.

सुटताना स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा) मागे ठेवून स्कीवरचा भार लवकर पंखांवर घ्या. विमान उचललं की लगेच चढू नका. जमिनीलगत हवेचा आधार मिळतो, तिथेच वेग वाढवा. घाईने वर काढलं तर ते पुन्हा खाली बसतं, बहुधा वाटेच्या टोकापलीकडे.

पहिला प्रयत्न फसला तर त्याच वजनानिशी दुसरा नको. सामान किंवा एक प्रवासी उतरवा आणि दोन खेपा करा.