प्राणिसंस्थेला देणगी देताय? हिशेब वाचताना या चुका टाळा

एका निवाऱ्याचं हिशेबाचं काम मी वर्षभर स्वयंसेवक म्हणून सांभाळलं. तेव्हापासून ‘अमुक संस्थेला पैसे द्यावेत का?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, त्यांचा लेखापरीक्षण झालेला ताळेबंद बघितला का? बहुतेकांनी व्हिडिओ बघितलेले असतात.

नाल्यातून काढलेलं पिल्लू बघून जीव कळवळतो, कळवळायलाच हवा. पण प्राण्याला मुद्दाम संकटात टाकायचं आणि मग कॅमेऱ्यासमोर ‘वाचवायचं’, असेही प्रकार उघडकीला आले आहेत. म्हणून तो प्राणी आज कुठे आहे, उपचार कुणी केले, केसपेपर आहे का, एवढं विचारा. नीट काम करणाऱ्यांना या प्रश्नांचा राग येत नाही.

दुसरी चूक शिकलेली माणसंही करतात, ती म्हणजे प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करणं. गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या देणगीदारांना माहिती पुरवणाऱ्या तीन अमेरिकी संस्थांनी २०१३ मध्ये खुलं पत्र लिहून सांगितलं, की फक्त या आकड्यावरून संस्थेचं काम जोखू नका. यातल्या वाइज गिव्हिंगच्या निकषानुसार एकूण खर्चापैकी किमान ६५ टक्के मूळ कामावर व्हायला हवा. तो तळाचा आकडा म्हणून ठीक आहे. पण ‘९७ टक्के थेट प्राण्यांवर’ असं वाचलं की मी सावध होते. औषधसाठ्याची नोंद कोण ठेवतं? पावत्या कोण लावतं? शिवाय हा आकडा फुगवता येतो. देणगी मागणाऱ्या पत्रात ‘उन्हात प्राण्यांसाठी पाणी ठेवा’ एवढी एक ओळ टाकून छपाई-टपालाचा मोठा वाटा ‘जनजागृती’त, म्हणजे मूळ कामात, दाखवला जातो. वस्तुरूपाने आलेलं खाद्य आणि औषधं चढ्या किमतीने धरली, की जमा आणि खर्च दोन्ही फुगतात आणि टक्केवारी देखणी दिसते.

ताळेबंदाची पहिली दोन पानं बघून फाइल बंद करू नका. खरी माहिती शेवटच्या टिपांमध्ये असते. निवाऱ्याची जागा संस्थापकाच्याच मालकीची आहे का, शस्त्रक्रियांची बिलं एखाद्या विश्वस्ताच्याच दवाखान्याची आहेत का, हे तिथे कळतं. असे व्यवहार म्हणजे लगेच गैरव्यवहार असं समजू नका. ओळखीचा डॉक्टर कमी दरातही काम करतो. मात्र दर पडताळून पाहिले का, ठराव होताना तो विश्वस्त बाजूला राहिला का, हे विचारायलाच हवं. लेखापरीक्षकाने काही आक्षेप नोंदवला असेल, तर तो शब्द न् शब्द वाचा.

सगळ्यात मोठी चूक मात्र पैशांचा हिशेब बघून प्राण्यांचा न बघणं, ही आहे. निवाऱ्यांनी आकडेवारी एकसारख्या पद्धतीने ठेवावी म्हणून २००४ मध्ये अमेरिकेत असिलोमार इथे बैठक होऊन एक नमुना ठरला. त्यामागचं तत्त्व कुठेही लावता येतं: सुरुवातीचे प्राणी अधिक वर्षात आलेले, बरोबर गेलेले अधिक उरलेले. समजा, वर्षाच्या सुरुवातीला ८० होते, ६२० आले. म्हणजे ७००. दत्तक ३४०, मालकाकडे परत ६०, मृत्यू ९०, वर्षअखेर शिल्लक ११०. बेरीज ६००. उरलेले १०० प्राणी कुठे गेले? नसबंदी करून मूळ जागी सोडले असतील, दुसऱ्या संस्थेकडे पाठवले असतील, वेदना असह्य झाल्याने दयामरण दिलं असेल. उत्तर काहीही असो, ते अहवालात हवं.

मग हे आकडे बिलांशी ताडून बघा. ५,००० लसींचा दावा आणि खरेदी १,२०० डोसची, तर उरलेल्या लसी कुणी दिल्या ते कळायला हवं. एका कुपीत अनेक डोस असू शकतात, म्हणून डोस मोजा. शस्त्रक्रियांच्या संख्येशी भुलीच्या औषधाची खरेदीही अशीच जुळवून बघता येते. मृत्यूच्या आकड्यावरून मात्र घाईने मत बनवू नका. अपघाताच्या केसेस घेणाऱ्या निवाऱ्यात मृत्यू जास्त होणारच. जखमी प्राणी घेऊनही मृत्यू शून्य दाखवणाऱ्या संस्थेला मी जास्त प्रश्न विचारेन.

ठेवी दिसल्या म्हणून रागावू नका. निवाऱ्यात पार्व्होची (कुत्र्यांमध्ये झपाट्याने पसरणाऱ्या जीवघेण्या आजाराची) साथ आली की दत्तक देणं थांबतं, खर्च वाढतो आणि तेव्हा हाच राखीव निधी कामी येतो. तो वर्षाच्या खर्चाच्या तिपटीहून जास्त असेल, तर मात्र कशासाठी ते विचारा.

हिशेब मागूनही उत्तर आलं नाही, तर? पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा लिहा. चार-पाच माणसांच्या संस्थेत पत्राला उत्तर द्यायलाही वेळ नसतो, हे मी स्वतः बघितलंय. ‘गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि प्राण्यांची आवक-जावक पाठवाल का?’ एवढंच पुरे. संस्था अगदी लहान असून लेखापरीक्षण परवडत नसेल, तर उपचारांचं बिल थेट दवाखान्यात भरा. रोख रक्कम देऊ नका. एखाद्या ठरावीक कामासाठी पैसे देत असाल, तर ते काम पावतीवर लिहून घ्या आणि पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात तो निधी वेगळा दाखवलाय का, ते बघा.