बातम्या तपासायला शिकवताना वर्गात होणाऱ्या या चुका टाळा

दहावीच्या इतिहासात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा पाठ आहे. त्यात हिटलरच्या रोजनिशांची गोष्ट येते. ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने त्या भरपूर पैसे मोजून घेतल्या, १९८३ साली गाजावाजा करून छापायला काढल्या आणि काही दिवसांतच त्या बनावट निघाल्या. माध्यमांतल्या माहितीचं चिकित्सक आकलन करावं लागतं, हे त्यातून मुलांपर्यंत पोचायला हवं. प्रत्यक्षात तो ‘सकारण स्पष्ट करा’मध्ये हमखास येणारा प्रश्न होऊन बसतो. मुलं गाईडमधलं उत्तर घोकतात आणि चिकित्सक आकलन पाठ करून पैकीच्या पैकी गुण मिळवतात.

खरं तर त्या एका गोष्टीत अख्खा तास आहे. हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या रोजनिशा खऱ्या ठरवल्या होत्या, कारण पडताळून बघायला त्यांना जे नमुने दिले, त्यांतले काही त्याच भामट्याने, कोनराड कुयाऊने, बनवलेले होते. खोट्याची खातरजमा खोट्याशीच झाली! शेवटी कागद आणि बांधणी प्रयोगशाळेत गेली, तेव्हा त्यात युद्धानंतर वापरात आलेले पदार्थ सापडले. बातमी फुटू नये म्हणून साप्ताहिकाने बाहेरच्यांना फारसं काही पाहू दिलं नव्हतं, एवढं सांगा. पुढचं मुलंच बोलतात. ज्याचा त्या मजकुराशी लागाबांधा नाही अशा दुसऱ्या कुणाला तरी विचारायला हवं होतं, हे त्यांना चटकन कळतं. बाकीच्या बहुतेक चुका ही एक गोष्ट निसटल्यामुळे होतात.

मजकुराकडेच टक लावून बसणं

‘शुद्धलेखन बघा, लोगो बघा, वेबसाइट बरी दिसते का बघा’ अशी यादी फळ्यावर लिहिली की शिकवल्याचं समाधान मिळतं. पण शुद्धलेखन खऱ्या सरकारी परिपत्रकातही चुकतं आणि बनावट लोगो आता कुणीही पाच मिनिटांत करतो. चित्रातली बोटं मोजून एआय ओळखण्याची युक्तीही जुनी झाली.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये ४५ जणांचा अभ्यास मांडला. त्यात १० इतिहासकार, २५ विद्यार्थी आणि बातम्या तपासण्याचंच काम करणारे १० जण होते. पीएचडी झालेले इतिहासकारही वेबसाइटच्या रूपाला फसले. तपासनीस मात्र पानावर फार रेंगाळले नाहीत. लगेच दुसऱ्या टॅब उघडून, ती वेबसाइट चालवणाऱ्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते त्यांनी पाहिलं.

वर्गात करून बघायचं तर ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत’ हा दरवर्षी फिरणारा फोटो घ्या. पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे, झगमगाट. पाच मिनिटं मुलांना फोटोकडे बघत वाद घालू द्या. काहीही निष्पन्न होणार नाही. मग शिक्षकांच्या फोनवर गुगल लेन्स, म्हणजे फोटोवरून शोध घेणारं साधन, उघडा. तो अमेरिकी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून केलेला नकाशा आहे. पांढरे दिवे आधीचे, निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ मध्ये, लाल २००३ मध्ये. म्हणजे शहरं कशी वाढली त्याचं चित्र. नासाने २०१२ मध्येच खुलासा केला होता की दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जाणवणार नाही इतका कमी असतो. खोटं उघडं पडण्यापेक्षाही, खरं चित्र जास्त मजेशीर निघतं तेव्हा मुलं हे काम आवडीने करू लागतात.

परिपाठात नुसते मथळे वाचणं

प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि मग बातम्या. बऱ्याच ठिकाणी शिक्षकांच्या ग्रुपवर आलेला तयार परिपाठच वाचला जातो. तो कुणी लिहिला हे कुणालाच ठाऊक नसतं. पाच मथळे एका दमात संपतात आणि रांगेतलं कुणी ऐकतही नाही.

पाचाऐवजी एकच बातमी घ्या, पण पूर्ण. समजा मथळा आहे ‘तालुक्यात बिबट्याची दहशत’. खाली वाचत गेलं की कळतं, एका शेतकऱ्याला ‘बिबट्यासदृश प्राणी’ दिसल्याचं ‘सांगण्यात येते’ आणि वन विभागाला पाहणीत ठसे आढळलेले नाहीत. मग वाचणाऱ्याने तीन वाक्यं जोडायची: हे कुणी पाहिलं, बातमीदार कुणाशी बोलला, काय अजून कळलेलं नाही. ‘असे समजते’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, ‘जोरदार चर्चा आहे’ आणि ‘पोलीस निरीक्षकांनी सांगितले’ या चौघांत फरक काय, हे मुलांना इथेच उमगतं. भाषेच्या तासाला बातमीलेखन घेताना मात्र आपण स्थळ, दिनांक आणि आकर्षक शीर्षकाला गुण देतो. माहिती कुणी दिली याला शून्य. तिथे एक गुण द्यायला काय हरकत आहे?

सगळे नमुने खोटेच दाखवणं

ही चूक सगळ्यात जास्त आढळते आणि माझ्या मते सगळ्यात घातक आहे. दहा मेसेज दाखवले आणि दहाही खोटे निघाले की मुलं काय शिकतात? ‘सगळंच खोटं असतं, सर.’ मग लसीकरणाची खरी सूचना आणि पुराचा खरा इशाराही त्याच टोपलीत जातो. दहातले सहा-सात नमुने खरे ठेवा, त्यातले एक-दोन तर विश्वास बसणार नाही असे.

यासाठी सुट्टीच्या पत्रासारखा नमुना नाही. जुलैत धो-धो पाऊस लागला की संध्याकाळी ‘उद्या शाळांना सुट्टी, जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश’ असं पत्र फिरतं. कधी ते खरं असतं, कधी गेल्या वर्षीचं तारीख बदललेलं. जावक क्रमांक, गोल शिक्का, सही सगळं जागच्या जागी! म्हणून पत्राकडे बघू नका, पत्राबाहेर जा: जिल्हा माहिती कार्यालयाच्या अधिकृत पानावर आहे का, मुख्याध्यापकांना कळवलंय का. या प्रश्नात मुलांचा जीव इतका गुंतलेला असतो की मागच्या बाकावरचेही उठून बोलतात.

छापील म्हणजे खरं, असं सांगणं

मोबाईलवर विश्वास ठेवू नका, वर्तमानपत्र वाचा, हा सल्ला अर्धाच बरोबर. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी वर्गात आणा आणि त्यात एकतरी टीकेचं वाक्य शोधायला लावा. बातमीसारखी मांडणी, पण कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः तेच कौतुक छापून आलं आणि ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची, देशभर चर्चा झाली.

एका दिवसाचं व्याख्यान

सहा जानेवारीला, ‘दर्पण’च्या आणि बाळशास्त्री जांभेकरांच्या आठवणीत, स्थानिक पत्रकाराला बोलवून भाषण ठेवणं चांगलंच, पण तेवढ्यावर भागत नाही. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये हजाराहून अधिक लोकांना एकदाच तासभर शिकवून पाहिलं. सरसकट परिणाम दिसला नाही. पुढे त्याच राज्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हजारो शाळकरी मुलांना काही आठवड्यांत विभागून अनेक सत्रं दिली. तेव्हा फरक पडला, काही महिने टिकला, पालकांपर्यंतही झिरपला. आठवड्याला वीस मिनिटं काढा, पण वर्षभर.

अडलं तर

मूल घरी जाऊन ‘आजोबा, तुमचा मेसेज खोटाय’ असं चारचौघांत, म्हणजे फॅमिली ग्रुपवर, म्हणतं आणि घरात धुसफूस होते. वर्गातच सराव घ्या: ग्रुपवर नाही, शेजारी बसून, ‘आजोबा, हे तुम्हाला कुणी पाठवलं? आपण मिळून बघू या का?’

राजकीय नमुन्यावरून पालकांचा फोन येतो. पहिले काही महिने नमुने घरगुती औषधांचे, सुट्टीचे, बिबट्याचे ठेवा. राजकारण नंतर, आणि तेव्हा एकाच पक्षाचे नमुने नकोत.

अफवा किती महागात पडते हे सांगायला राईनपाड्याचा उल्लेख जरूर करा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात मुलं पळवणारे समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. पण मारहाणीचा व्हिडिओ वर्गात लावू नका. त्या वर्षी देशभर फिरलेली मूल पळवण्याची क्लिप मात्र दाखवता येते. ती कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी मूल उचलून नेणारे मोटरसायकलवालेच ते परत आणून सोडतात आणि फलक धरतात. फिरवणाऱ्यांनी तेवढंच कापलं होतं.

शाळेत नेट नसेल तर नमुने छापून आणा, तपासणी शिक्षकांच्या फोनवर. आणि खरं-खोटं तुम्हालाच ठरवता आलं नाही, तर फळ्यावर ‘खरं’ आणि ‘खोटं’ या दोन रकान्यांशेजारी ‘अजून कळलं नाही’ असा तिसरा आखा. त्यातल्या नोंदी पुसू नका.