सत्र सुरू होण्याआधी: शिक्षकांची संगणक आणि समाजमाध्यमांची तयारी

सुरुवात खात्यांपासून करा, ॲप नंतर. शाळेच्या कामाला वेगळा ईमेल हवा. घरची बिलं आणि मुलांचे गृहपाठ एकाच पेटीत आले की नेमकं हवं ते सापडत नाही. पासवर्ड लांब ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द चालतील, आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक कोड किंवा पिन मागणारी सोय, सुरू करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन असतं, तिथे ६ अंकी पिन घाला. नोंदणीचा म्हणून एसएमएसने येणारा कोड कुणी कितीही ओळखीचं मागत असलं तरी द्यायचा नाही. त्या कोडवर तुमचं खातं दुसऱ्याच्या फोनवर उघडतं आणि पालकांच्या गटात तुमच्या नावाने पैसे मागणारे संदेश जायला लागतात.

शिक्षकखोलीतला संगणक सगळ्यांचा असतो. ‘पासवर्ड सेव्ह करू का’ या प्रश्नाला तिथे कायम नाही म्हणा. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबा, पडदा कुलूपबंद होतो. व्हॉट्सॲप वेब उघडंच राहिलं असेल तर परत जायची गरज नाही. फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन तो संगणक लॉग आउट करता येतो.

मराठी टंकलेखनाला मात्र रोजची वीस-पंचवीस मिनिटं द्याच. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजखाली मराठी भाषा जोडा. मग विंडोज आणि स्पेस दाबलं की कळफलक बदलतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘किती’ लिहायला के, एफ, एल, आर या कळा. म्हणजे आधी क, मग वेलांटी. टंकलेखन यंत्रावर शिकलेले हात वेलांटी आधी मारतात आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. तो बिघाड नाही, क्रम उलटा झाला आहे. पाय मोडायला डी: ‘क्ष’ हवा तर के, डी, मग शिफ्टसह स्वल्पविरामाची कळ. जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील तर त्या आत्ताच यूनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंचात, बदलून घ्या. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात. छपाईला किंवा पालकांना पाठवायची प्रत पीडीएफच करा.

फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घातली की यादी आपोआप कालक्रमाने लागते. पेन ड्राइव्हवर एकच प्रत ठेवू नका. दुसरी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, हवी. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते, पण ती ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. जीमेलमध्ये ईमेलला २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही, तिथे ड्राइव्हची लिंक द्यावी लागते.

एक्सेलमध्ये गुण ‘३/४’ असे इंग्रजी आकड्यांत टाकले की त्याची तारीख होते, आणि शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकातलं पहिलं शून्य उडतं. स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच लिहा. तारीख झाल्यावर टेक्स्ट केलंत तर तिथे भलताच पाच अंकी आकडा उभा राहतो.

प्रोजेक्टरची तालीम रिकाम्या वर्गात करा. विंडोज आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा, म्हणजे लॅपटॉपवरचंच चित्र भिंतीवर दिसतं. प्रोजेक्टरला जोडायच्या जुन्या व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही, स्पीकर लॅपटॉपलाच लावावा लागतो. चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी एचडीएमआय केबल असेल तर आवाज प्रोजेक्टरकडे वळतो आणि त्याला स्पीकर नसेल तर वर्गात शांतता. ध्वनीच्या चिन्हावरून आउटपुट बदला. सूचना बंद करायला विसरू नका, खाजगी संदेश मुलांसमोर भिंतीवर झळकतात.

पालकांचा गट बनवताना फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील अशी परवानगी ठेवा आणि दुसरा ॲडमिन नेमा. गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे पालकांना आधी सांगायला हवं. ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा पाठवणाऱ्या यादीत, नंबर दिसत नाहीत, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. ‘मला आलंच नाही’ म्हणणाऱ्या पालकांचं कारण बहुधा हेच असतं. पाठवलेला मजकूर १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. एखाद्या मुलाचे गुण किंवा तक्रार गटात कधीच नको.

मुलांच्या फोटोंबाबत आम्ही फार काटेकोर आहोत, आणि तसंच असावं. पालकांची लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीलाच घ्या. टाकण्याआधी फोटो मोठा करून पाहा: छातीवरचं ओळखपत्र, वहीवरचं नाव, फळ्यावरची हजेरी. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमधली स्थळनोंद बंद ठेवा. फेसबुकवर नावाखाली पृथ्वीगोल दिसत असेल तर ती पोस्ट जगजाहीर आहे. विद्यार्थ्यांची मैत्रीविनंती स्वीकारू नका, वर्गासाठी वेगळं पेज काढा.

ड्राइव्हची लिंक देताना हक्क ‘व्ह्यूअर’ इतकाच ठेवा. ‘एडिटर’ दिला की कुणीतरी चुकून अख्खं वेळापत्रक पुसतं. गूगल फॉर्मवर चाचणी घेताना निकालाचा सारांश दाखवणारा पर्याय बंद हवा, नाहीतर उत्तरं इतरांनाही दिसतात. शेवटी प्रत्येक लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहा: लॉग इन न करता जे दिसेल, ते ती लिंक हाती पडलेल्या कुणालाही दिसणार आहे.