चेन ताणण्याआधी चाक फिरवून बघा

टू-व्हीलरच्या गॅरेजला नवीन लागलेल्या पोराकडे पहिल्या आठवड्यातच हमखास येणारं काम म्हणजे 'जरा चेन टाईट करून दे'. मागच्या ॲक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, नट सैल करायचा, चाक मागे-पुढे सरकवणारे दोन्ही ॲडजस्टर फिरवायचे, नट आवळायचा, गाडी रवाना. मी कराडकडच्या गॅरेजात हे काम शिकलो. इथे उसाच्या हंगामात गाड्या माती आणि पाचटाच्या भुशाने माखून येतात. त्या बघून माझं ठाम मत झालंय की पाना हातात घ्यायच्या आधी चेन का सैल झाली, हे शोधलंच पाहिजे.

चेनच्या पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. झिजतात त्या आतल्या पिना आणि त्यांच्याभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुश. एकेका जोडात 0.1 मिमी झीज झाली तरी शंभर जोडांत ती 10 मिमी होते. शिवाय ही झीज सगळीकडे सारखी नसते. म्हणून गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, इंजिन बंद ठेवा आणि चाक हाताने सावकाश फिरवत दोन स्प्रॉकेटच्या (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांच्या) मधोमध खालची चेन वर-खाली करून बघा. एका जागी ती लोंबते आणि अर्धा फेरा पुढे गेल्यावर ताठ होते, असं दिसलं तर ती चेन असमान झिजली आहे किंवा तिचे काही जोड गंजून आखडलेत. मोजायचं ते सगळ्यात ताठ जागी. बऱ्याच कम्यूटर गाड्यांना 20 ते 30 मिमी ढिलाई लागते. नेमका आकडा आणि गाडी कुठल्या स्टँडवर ठेवून मोजायचं, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत असतं.

पुढची खूण मागच्या स्प्रॉकेटवर. त्याच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढा. चेन उचलून अर्धा दात उघडा पडत असेल तर ती संपली. खात्री हवी असेल तर पट्टी लावा. 428 नंबरच्या चेनचा एक जोड 12.7 मिमीचा, म्हणजे ताणून धरलेल्या चेनवर पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनचं माप 254 मिमी. ते 259 च्या आसपास गेलं असेल तर ॲडजस्टर फिरवण्यात वेळ घालवू नका. दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेटच बदला. गिऱ्हाईक 'नुसती चेन टाका' म्हणणारच. त्याला बोलावून तो दात दाखवा. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते, हे डोळ्यांनी दिसलं की पैशांची घासाघीस बरीच कमी होते.

गाडी झटके देते म्हणजे दोष चेनचाच, असंही नाही. गाडी गिअरमध्ये टाका, इंजिन बंदच, आणि मागचं चाक पुढे-मागे हलवा. स्प्रॉकेट जागेवर आणि चाक मात्र बरंच खेळतंय, तर हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले, झटके शोषणारे रबर गेलेत.

आमच्याकडे दूधवाल्यांच्या गाड्या फार. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. मागे भरलेले कॅन आले की सस्पेन्शन दबतं आणि बहुतेक गाड्यांत चेन आणखी ताठ होते. रिकामी गाडी बघून चेन कडक केली, तर भरल्या गाडीत तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, बेअरिंगवर येतो आणि तिथलं ऑइल सील गळायला लागतं. ॲडजस्ट झाल्यावर गाडीवर वजन बसवून ढिलाई पुन्हा तपासा. थोडी सैल चेन आवाज करून सांगते, कडक चेन गुपचूप नुकसान करते. अर्थात फारच सैल असली तर उतरून चाक जाम होऊ शकतं, तेही तितकंच वाईट.

साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. ओ-रिंगच्या, म्हणजे जोडांत रबरी रिंगा असलेल्या, चेनला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश लावू नका. रिंग खराब झाली की आत भरलेलं ग्रीस टिकत नाही. नंतर 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे खालच्या चेनच्या आतल्या बाजूने लावा आणि जादाचं पुसून घ्या. जळकं इंजिन ऑइल ओतायची सवय खूप गॅरेजांत आहे. त्यात कचरा आणि धातूचे कण असतात, तुम्ही ती सवय लावून घेऊ नका. आणि इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडकं धरायचं नाही. बोटं जातात. कितीही घाई असो, उस्ताद सांगो नाहीतर मालक सांगो, नाही म्हणा.

चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकच्या पॅडलची ढिलाईही बदलते, ती पुन्हा जुळवा. ॲडजस्टरजवळच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या हव्यात. चेनला क्लिपचं लॉक असेल तर त्याचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवा आणि क्लिप पिनेच्या खाचेत पूर्ण बसली का, हे नखाने चाचपून बघा. ॲक्सल नट आवळताना ढिलाई थोडी बदलते, म्हणून शेवटचं माप नट पूर्ण आवळल्यावरच घ्या.