मोठ्या बंगल्याला एसी घेताय? आधी गच्ची बघा
जळगाव-भुसावळकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पण हवा कोरडी असते, म्हणून हॉलला डक्टवाला कूलर (पाण्यानं गार केलेली हवा पत्र्याच्या नळीतून आत सोडणारा) मस्त चालतो आणि बिलही कमी येतं. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा, हवा बाहेर निघाली नाही की नुसता दमटपणा होतो. पावसाळा लागला की मात्र कूलरचा काही उपयोग नाही, तेव्हा एसीच.

एसी सगळ्या घराला एकच मोठा घेण्यापेक्षा बेडरूमला वेगवेगळे इन्व्हर्टर स्प्लिट एसी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करून वीज वाचवणारे, एक भाग आत नि एक बाहेर असलेले) घ्या, कारण रात्री दोनच खोल्या वापरात असतात ना. दीडशे स्क्वेअर फूट खोलीला खालच्या मजल्यावर एक टनाचा एसी पुरतो (टन म्हणजे वजन नाही, थंड करायची ताकद), पण वर स्लॅब तापलेला असेल तर दीड टन लागतो. दुकानदार सरसकट दोन टन गळ्यात मारतात, ऐकू नका. त्याआधी गच्चीला पांढरा कूलकोट, म्हणजे ऊन परतवणारा रंग, मारा, तो एसीपेक्षा लय स्वस्त पडतो.

आणि धुळ्याकडचे असाल तर हॉट-अँड-कोल्ड मॉडेलच, म्हणजे गार आणि गरम दोन्ही हवा देणारा एसीच बघा, तिकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो आणि कॉइलच्या हीटरपेक्षा त्याला वीज बरीच कमी लागते.